डायल-अप एवढं हळू का चालायचं? साताऱ्यातली एक लाइन आणि वीस मिनिटांचा नियम

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' कमी केलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

आज आधी एक आवाज ऐका, मग बोलू.

(इथे मॉडेमचा आवाज आहे, साधारण पंचवीस सेकंद. वाचणाऱ्यांसाठी: आधी फोनचा टोन, मग नंबर फिरवल्याचं टुकटुक, मग एक लांब शिट्टी आणि शेवटी तापलेल्या कढईत पाणी पडल्यासारखं खर्रर्र.)

ऐकलंत? तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हा आवाज फक्त एखाद्या रीलमध्ये ऐकला असेल. आमच्या घरात तो रोज संध्याकाळी यायचा. गेल्या महिन्यात सांगलीला मामांच्या घरी माळा आवरायला गेलो होतो, तिथे त्यांचा जुना कॉम्प्युटर सापडला. पेंटियम, विंडोज ९८ आणि शेजारी लाल दिव्यांचा एक काळा डबा, म्हणजे मॉडेम. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी होतं, पण हे सगळं माळ्यावर होतं म्हणून वाचलं. मामा म्हणाले, "साताऱ्याला घेऊन जा, नाहीतर मी भंगारात देतो."

मी स्टोरी टाकली, तर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, डायल-अप स्लो होतं म्हणजे किती स्लो? आणि स्लो झालं की करायचं काय, राउटर रीस्टार्ट?" प्रश्न भारी आहे. आजचा भाग त्याच प्रश्नावर.

आधी हिशेब: किती स्लो?

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, तेही मोठ्या शहरांत. सातारा-सांगलीकडच्या लोकांना सुरुवातीला पुण्याला एसटीडी लावून नेट घ्यावं लागायचं. त्यामुळे रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरले की हौशी मंडळी जागी व्हायची. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि हळूहळू लोकल कॉलवर नेट मिळायला लागलं.

मॉडेमचे वेग सेकंदाला किती बिट यावर मोजतात. १४,४००, २८,८००, ३३,६०० आणि शेवटचा ५६,००० चा, ज्याचं 'व्ही.९०' हे मानक १९९८ मध्ये आलं. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे ३३,६०० ला सेकंदाला जेमतेम चार किलोबाइट. आता हा आमचा पंचवीस मिनिटांचा भाग साधारण १२ एमबीचा असतो. त्या वेगाने तो उतरवायला पाऊण तासाहून जास्त लागला असता. ऐकायला पंचवीस मिनिटं, उतरवायला पंचेचाळीसच्या वर! आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमच्या घरात सगळं तिथेच अडलं.

वीस मिनिटांचा नियम

२००२ सालचा पावसाळा. मी अकरावीत होतो. साताऱ्यात आमच्या घरी एकच फोन, त्याचं एक कनेक्शन बाहेरच्या खोलीत आणि एक पॅरलल आईच्या स्वयंपाकघरात. नेट लावलं की लाइन एंगेज. त्या संध्याकाळी मी साडेचार एमबीचं एक गाणं उतरवत होतो. वेग लागला होता १४,४००. हिशेब करा, बेचाळीस मिनिटं.

त्याच वेळी सांगलीत आजी, म्हणजे आईची आई, मागच्या अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. मामा ०२१६२ लावून लावून थकले, प्रत्येक वेळी एंगेज. शेवटी त्यांनी आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. शेजारच्या काकू भर पावसात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा फोन कधीपासून लागत नाही, सांगलीहून निरोप आहे."

आई स्टँडवर पोचली तेव्हा सांगलीची गाडी नुकतीच निघून गेली होती. पुढची मिळाली ती उशिरा. कराड, इस्लामपूर, आष्टा करत ती पोचली तेव्हा आजीला ऑपरेशनला आत नेलं होतं. आजी बरी झाली, पुढे काठी घेऊन चालायची, गोष्टीही सांगायची. पण "आत नेताना ती तुझं नाव घेत होती" हे मामांनी आईला सांगितलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. परत आल्यावर तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला लावलं. "वीस मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट नाही," एवढंच म्हणाली.

आता वीस मिनिटांत मेल बघायची, कॉलेजचं काम करायचं, सगळं बसवायचं तर वेग वाढवणं भाग होतं. मी मॉडेम दुरुस्त करायला शिकलो ते असं.

पायरी १: खरा वेग कोणता ते आधी बघा

इथे पहिली फसगत व्हायची. स्क्रीनवर मोठ्या ऐटीत '१,१५,२०० ला कनेक्ट' असं यायचं आणि आम्ही खूश. पण तो वेग कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यातल्या वायरचा असतो, फोनलाइनचा नाही. वाय-फायचे सगळे दांडे भरलेले असतात पण मागे नेटच नसतं ना, तसंच. बऱ्याच मॉडेमना 'एटी डब्ल्यू टू' ही आज्ञा दिली की ते लाइनचा खरा वेग सांगतात.

तो आकडा एकेक पायरीने उतरतो. ३३,६००, ३१,२००, २८,८००, २६,४०० असा, दर पायरीला २,४०० कमी. आकडा वहीत लिहा, दहा वेळा कनेक्ट करून दहा वेळा लिहा. प्रत्येक वेळी सारखाच कमी येत असेल तर कारण कायमचं आहे, म्हणजे वायर किंवा अंतर. कधी २८ आणि कधी १४ येत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे किंवा ओल आली आहे. माझ्या वहीत उन्हाच्या दिवशी २६,४०० आणि पावसात १४,४०० यायचं. अर्धं उत्तर तिथेच होतं, पण मला ते कळायला पंधरा दिवस लागले.

पायरी २: मॉडेम सोडा, लाइन कानाने ऐका

मॉडेम काय करतो? कॉम्प्युटरचे शून्य आणि एक आवाजात बदलतो. फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचेच आवाज ती नीट नेते. तुम्ही जो खर्रर्र ऐकलात, त्यात दोन्ही बाजूचे मॉडेम एकमेकांना वेगवेगळे सूर पाठवून लाइन तपासत असतात. कुठला सूर पोचतोय, कुठला दबतोय, किती प्रतिध्वनी येतोय, असं बघून मग वेग ठरवतात. म्हणजे लाइन खराब असेल तर मॉडेम मुद्दाम हळू जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीचा ड्रायव्हर गिअर खाली घेतो, तसं.

म्हणून मॉडेमला शिव्या देण्याआधी साधा फोन उचला. कुठलाही एकच आकडा दाबा, टोन थांबेल. पुढचे काही सेकंद शांतता असते, ती नीट ऐका. संथ 'हूंऽऽ' ऐकू आलं तर विजेची वायर जवळून गेलीय. कडकड, चरचर आली तर जोड ढिला किंवा गंजलेला. लांबून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं तर केबलमध्ये पाणी गेलंय आणि दोन लाइनी एकमेकींत मिसळतायत. सांगलीत नदीकाठच्या भागात पुरानंतर हा प्रकार बरेच दिवस चालायचा, मामा सांगतात.

आमच्या लाइनवर दोन्ही होतं, हूंऽऽ पण आणि चरचर पण.

पायरी ३: घरापासून सुरुवात करा

सगळे म्हणायचे, "एक्स्चेंजचाच प्रॉब्लेम असणार." मीही तेच म्हणायचो, कारण सोपं होतं. मग एका ओळखीच्या लाइनमन काकांनी युक्ती सांगितली. बाहेरून वायर घरात जिथे येते त्या पहिल्या डबीपाशी जा. तिथून आत जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडव. कॉम्प्युटर उचलून तिथे ने आणि मॉडेम थेट त्या डबीला लाव. वेग वाढला तर दोष तुझ्या घरात. नाही वाढला तर मग आमच्याकडे तक्रार कर.

मी अख्खा कॉम्प्युटर व्हरांड्यात नेला. कनेक्ट केलं. ३१,२००!

दोष आमच्याच घरात होता. शोधत गेलो तर तो निघाला स्वयंपाकघराच्या पॅरलल वायरमध्ये. ती वायर चपटी, न पिळलेली, आणि ट्यूबलाइटच्या चोकला चिकटून गेलेली. फोनच्या चांगल्या वायरीत दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरचा विजेचा त्रास दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि पलीकडे दोघींतला फरकच मोजला जातो, म्हणून तो त्रास निघून जातो. सरळ चपट्या वायरीत ही सोय नसते. वर खिडकीपाशी एक हाताने पिळलेला जोड होता, त्याला नुसती टेप. पावसाचं पाणी तिथून आत जायचं. तांब्यावर हिरवा थर चढला होता.

आणखी एक गोष्ट. पॅरलल वायर वापरात नसली तरी ती लाइनला लोंबकळतच असते. मॉडेमने पाठवलेला आवाज तिच्या टोकाला जाऊन परत फिरतो आणि मूळ आवाजात मिसळतो. म्हणून सोपा उपाय होता, पॅरलल काढून टाकायची. पण मग आईचा स्वयंपाकघरातला फोन गेला असता. ते मला करायचं नव्हतं. मी पिळलेल्या तारांची नवी वायर आणली, ट्यूबपासून लांबून फिरवली, जोड घासून, डाग देऊन पक्का केला. कनेक्शन २८,८०० वर आलं आणि पावसातही तिथेच राहिलं. तेच गाणं आता एकवीस मिनिटांत आलं असतं. आईच्या नियमाप्रमाणे एक मिनिट जास्तच!

पायरी ४: कॉम्प्युटरची बाजू

लाइन नीट असूनही हळू चालत असेल तर आत बघायचं. जुन्या कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टमधली चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवू शकायची. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात असला की पुढचा बाइट आला रे आला, आधीचा गेला. मग तो परत मागवायचा. नंतरच्या '१६५५०' चिपमध्ये सोळा बाइटची जागा असते. विंडोज ९८ मध्ये मॉडेमच्या सेटिंगमध्ये 'डायग्नोस्टिक्स' उघडलं की कुठली चिप आहे ते दिसतं. जुनी चिप असेल तर पोर्टचा वेग ३८,४०० वर आणा आणि 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' चालू ठेवा. त्याने मॉडेम 'थांब' म्हणू शकतो.

'नो डायल टोन' येत असेल तर घाबरू नका. परदेशी मॉडेमना आपल्याकडचा टोन कधी कधी ओळखता येत नाही. 'एटी एक्स थ्री' दिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

आणि एक उलटं वाटणारं औषध. मध्येच दहा-पंधरा सेकंद सगळं गोठत असेल तर मॉडेम वेग पुन्हा पुन्हा ठरवतोय. अशा वेळी कमाल वेग मुद्दाम एक-दोन पायऱ्या खाली बांधून टाका. २८,८०० ला सारखं अडखळण्यापेक्षा २४,००० ला न थांबता गेलेलं लवकर पोचतं.

५६ चा डबा, मग ५६ का नाही?

मामांच्या मॉडेमवर मोठ्या अक्षरात ५६ के लिहिलंय. तो वेग मिळायला अट अशी की तुमच्या घरापासून नेट देणाऱ्या कंपनीपर्यंत आवाजाचं डिजिटलमध्ये रूपांतर एकदाच व्हायला हवं, तुमच्या एक्स्चेंजमध्ये. कंपनीची बाजू थेट डिजिटल लागते. मध्ये कुठे अजून एकदा रूपांतर झालं की मॉडेम गुपचूप ३३,६०० किंवा खाली उतरतो. बरं, हा ५६ फक्त उतरवण्याचा वेग. पाठवताना व्ही.९० मध्येही ३३,६०० च. म्हणजे डब्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो तुमच्या हातातही नव्हता.

ओझं हलकं करा

लाइन एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही. मग पाठवायचं तेच कमी करायचं. आम्ही ब्राउझरमधली चित्रं बंद करायचो. मेल आधी ऑफलाइन लिहून ठेवायचो, नेट लावायचं, पाठवायचं, बंद.

याचं मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेजेस' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं, गावात कॉम्प्युटरचं केंद्र, ऊस उत्पादकांना कारखान्याची माहिती गावातच मिळावी हा हेतू. पुढे 'वारणा अनवायर्ड' नावाचा प्रयोग झाला, त्याचा अभ्यास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडला. सात गावांत आठ महिने कॉम्प्युटरऐवजी मोबाइलचे एसएमएस वापरून तीच कामं केली. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती मुळात काही शब्दांत मावणारी होती. तेवढ्यासाठी एसएमएस पुरला.

आमच्या घरचं चुकीचं सेटिंग

आता शेवटची गोष्ट. त्या काळी प्रत्येक जण सल्ला द्यायचा, कॉल वेटिंग बंद ठेव, नाहीतर मध्ये कॉल आला की बीप वाजते आणि नेट तुटतं. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही नेमकं उलट केलं. कॉल वेटिंग मुद्दाम चालू करून घेतलं.

मॉडेममध्ये 'एस टेन' नावाचं एक सेटिंग असतं. समोरच्या मॉडेमचा आवाज नाहीसा झाला तर किती वेळ वाट बघून फोन ठेवायचा ते त्यात लिहितात, सेकंदाच्या दहाव्या भागात. लोक तो आकडा वाढवायचे, म्हणजे बीप आली तरी नेट टिकेल. मी तो कमी केला. सांगलीहून कॉल आला की बीप, बहुतेक वेळा नेट तुटायचं, मॉडेम फोन ठेवायचा आणि दोन सेकंदांत घंटी वाजायची. अर्धं उतरलेलं गाणं गेलं तर गेलं. नेटच्या दृष्टीने हे वाईट सेटिंग होतं. आमच्या घरासाठी तेच बरोबर होतं.

आई घड्याळाकडे बघायची थांबली ती त्यानंतर.

आज करून बघायचं असेल तर

घरच्या फायबरवरच्या लँडलाइनला जुना मॉडेम लावून फार आशा ठेवू नका. फायबरवर आवाज छोट्या तुकड्यांत जातो. एखादा तुकडा हरवला तर आपल्या कानाला कळत नाही, मॉडेमला लगेच कळतं. मी जुन्या बाजारातून इंटरकॉमचा एक डबा आणला, ज्यात ऑफिसमध्ये एका टेबलवरून दुसऱ्याला फोन लागतो तो. त्याच्या दोन लाइनींना दोन मॉडेम लावले. एकाने नंबर फिरवला, दुसऱ्याने 'एटीए' देऊन उचलला. चांगल्या वायरवर ३१,२००. मध्ये वीस मीटर चपटी वायर आणि एक ढिला जोड घातला, २४,०००. बरोबर तोच धडा, बावीसपेक्षा जास्त वर्षांनी. आणि खऱ्या तांब्याच्या लाइनवर प्रयोग करणार असाल तर वळवाच्या दिवसांत विजा चमकायला लागल्या की मॉडेम आधी काढा. घंटी वाजताना त्या तारेत चांगला झटका देईल एवढा दाब असतो, हेही लक्षात असू द्या.

श्रोत्याच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर. राउटर रीस्टार्ट करा, पण त्याआधी खरा वेग मोजून लिहून ठेवा, मग घरापासून एकेक दुवा सोडवत बघा. तुमच्या वाय-फायलाही हेच लागू आहे. लॅपटॉप एकदा वायरने थेट राउटरला लावून बघा, निम्म्या वेळा दोष घरातच सापडेल.

परवा हा आवाज रेकॉर्ड करत होतो, तर आई आतून म्हणाली, "झालं का रे? लाइन मोकळी कर." आता आमच्याकडे लँडलाइनच नाही. तरी मी म्हटलं, "केली गं."

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या माळ्यावर काही जुनं पडलं असेल तर फोटो पाठवा. फाइल कितीही मोठी असली तरी चालेल.